‘संशयित’ कुठे गळतो? रहस्यमालिकेत चुकीची बातमी लिहिताना

दोन कॉलमी मथळ्यात ‘संशयित’ हा शब्द मावत नाही. तीस पॉइंटाच्या मोठ्या अक्षरांत तर नाहीच. नागपुरातल्या एका दैनिकाच्या शहर डेस्कवर मी बावीस वर्षं रात्रपाळी केली. त्यातल्या एका रात्री, पान सोडायला सात मिनिटं उरली असताना, तो शब्द मी माझ्या हातानं काढला. बातमी इतवारीतल्या एका सराफा दुकानातल्या चोरीची होती. बातमीदारानं दिलेला मथळा होता, ‘सराफा दुकानातील चोरीप्रकरणी संशयित चौकीदार ताब्यात’. मी केला, ‘सराफा चोरी : चौकीदार गजाआड’. नेमका बसला. खरं तर चौकीदार त्या वेळी गजाआड नव्हताच. ठाण्यातल्या लाकडी बाकावर बसवून त्याला प्रश्न विचारणं चालू होतं. पाचव्या दिवशी चोर दुसऱ्याच जिल्ह्यात सापडले, याला घरी पाठवलं आणि आम्ही आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला.

आता मी दर रविवारी सकाळी धरमपेठेत मुलामुलींना पटकथा लिहायला शिकवते. त्यातल्या बहुतेकांना रहस्यमालिका लिहायची असते आणि हल्ली प्रत्येकाला तिच्यात ‘मीडिया’ दाखवायचा असतो. पहिला मसुदा ठरलेला: ओरडणारा अँकर, तपास अधिकाऱ्याच्या तोंडासमोर पंधरा माइक, पैसे खाल्लेला संपादक. तो मी परत देते. चुकीची बातमी अशी तयार होत नाही, निदान मी पाहिलेली तरी नाही. ती कशी तयार होते आणि कथेत कशी बांधायची, ते इथे लिहिते आहे.

आधी तीन रकाने

संवाद लिहायला बसण्याआधी कागदावर तीन उभे रकाने पाडा. पहिल्यात, प्रत्यक्ष काय घडलं. दुसऱ्यात, पोलिसांना ते केव्हा आणि किती कळलं. तिसऱ्यात, बातमी देणाऱ्याला केव्हा आणि किती कळलं. प्रत्येक नोंदीपुढे घड्याळाची वेळ घाला. ‘संध्याकाळी’ असं लिहू नका, ‘७.४०’ लिहा.

रकाने भरले की एक गोष्ट लगेच दिसते. तिसरा रकाना नेहमी मागे असतो, पण छापण्याची वेळ त्याच्यासाठी थांबत नाही. पंचनामा रात्री अकरापर्यंत चालतो, आणि पान त्याआधी भरायचं असतं. या फटीत जे भरलं जातं ते अंदाजानं भरलं जातं. तुमच्या मालिकेतली चुकीची बातमी या फटीतूनच आली पाहिजे. ती कुठल्या मिनिटाला आली, हे तुम्हाला ठाऊक हवं, मग प्रेक्षकाला ते सहाव्या भागात कळलं तरी चालेल.

आमच्याकडे एक सोय अशी आहे की जी मी कुठल्याही मालिकेत वापरलेली पाहिली नाही. हवी तर घ्या. नागपुरातून निघणाऱ्या पेपरची डाक आवृत्ती, म्हणजे गडचिरोली-गोंदियाकडे गाडीनं जाणारी, लवकर सुटते. शहर आवृत्ती बरीच उशिरा, मध्यरात्र उलटल्यावर. तारीख तीच, नाव तेच, पण पहिल्या पानावरची बातमी दोन्हींत वेगळी असू शकते. आता असा प्रसंग कल्पा. गडचिरोलीतल्या अहेरीहून बदली होऊन आलेला एक शिपाई डबा सोडतो. डबा वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहे. तपास अधिकारी बाई तो चुरगळलेला कागद सरळ करतात, कारण त्यावर त्यांच्याच प्रकरणाची बातमी आहे. पण या कागदावर संशयिताचं नाव नाही. नागपुरात वाटल्या गेलेल्या त्याच तारखेच्या अंकात नाव होतं, पत्ता होता, फोटोसुद्धा होता. म्हणजे दोन आवृत्त्यांच्या मधल्या तीन-चार तासांत कुणीतरी फोन करून नाव दिलं. कुणी? तुमची पुढची दोन प्रकरणं इथून निघतात, आणि त्यासाठी एकही अँकर ओरडावा लागला नाही.

खोटं एकच असू द्या

ब्रिटिश ‘शेरलॉक’ मालिकेच्या दुसऱ्या हंगामाचा शेवटचा भाग जानेवारी २०१२ मध्ये दाखवला गेला. वृत्तपत्रातून माणूस कसा संपवता येतो, हे शिकण्यासाठी तो मी वर्गात तीनदा दाखवला आहे. त्यात शेरलॉकचा शत्रू मोरियार्टी किटी रायली नावाच्या पत्रकार बाईला शेरलॉकची कहाणी देतो. शेरलॉकनं सगळे गुन्हे स्वतःच रचले आणि मोरियार्टी म्हणजे त्यानं पैसे देऊन आणलेला नट, अशी ती कहाणी. लोकांचा विश्वास का बसतो ते बघा. कहाणीत शेरलॉकच्या बालपणापासूनचे तपशील आहेत आणि ते खरे आहेत. त्याच्या सख्ख्या भावानंच ते मोरियार्टीला दिलेले असतात. शंभर खऱ्या गोष्टींच्या पोटात एक खोटी.

दुसरी गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही, मला थांबवून दाखवावी लागते. त्याच भागाच्या सुरुवातीला हीच वर्तमानपत्रं शेरलॉकला डोक्यावर घेऊन नाचत असतात. त्या कौतुकातही तो खरा नसतो, टोपी घातलेला एक फोटो असतो. ज्यांनी त्याला न तपासता मोठं केलं, ते त्याला न तपासताच खाली आणतात. म्हणून तुमच्या मालिकेत नायकाविरुद्धची बातमी येण्याआधी त्याच्या बाजूची एक फुगवलेली बातमी दाखवा आणि नायकाला ती आवडू द्या. ती तो कापून ठेवतो. कपाटाच्या दारावर आतून चिकटवतो. नंतर त्याच दारासमोर उभं राहून त्याला दुसरी बातमी वाचायची आहे.

खोट्याचं प्रमाण विचाराल, तर माझा हिशेब साधा आहे. बातमीतलं प्रत्येक वाक्य वेगळं काढा. दहापैकी नऊ वाक्यं तपासाला टिकली पाहिजेत. दहावं वाक्य सगळ्यात छोटं असू द्या, आणि शक्यतो ते मथळ्यात जाऊ द्या.

शब्द कुठे कुठे सांडतात

मराठी गुन्हेवार्तेची भाषा तुमच्या कानात असायला हवी. लंपास, डल्ला, गंडा, जेरबंद, गजाआड, चतुर्भुज. हे शब्द मथळ्यात टिकले कारण ते आखूड आहेत. आखूड शब्दात शंका बसत नाही. याउलट सुटकेसाठी आमच्याकडे एकही आखूड, चटकदार शब्द नाही. ‘पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता’ असा मथळा करून बघा, कॉलमच्या बाहेर जातो. तो बसवायला कुणी सात मिनिटं देत नाही.

मग येतात ‘समजते’, ‘कळते’, ‘सूत्रांनी सांगितले’, ‘प्राथमिक माहितीनुसार’. बातमीदार हे शब्द प्रामाणिकपणे घालतो. ते त्याचं कुंपण असतं. पण बातमी दुसऱ्यानं उचलली की आधी कुंपण पडतं. तुमच्या पटकथेत ही पडझड दाखवायची असेल तर एकच वाक्य चार वेळा लिहा. पेपरात: ‘चौकीदाराला काही माहिती असावी, असे समजते.’ दुपारी वाहिनीवर: ‘चौकीदाराला सगळं माहीत होतं?’ शेवटी प्रश्नचिन्ह आहे, पण ते ऐकू येत नाही. संध्याकाळी मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रात: ‘चौकीदारानेच दिली टीप’. आणि रात्री पानठेल्यावर, खर्रा घोटता घोटता: ‘अबे, तो चौकीदार तं पयल्यापासून सामील होता. माह्या साळ्याच्याच मोहल्ल्यात राह्यते ना तो.’ चौथ्या वाक्यात साक्षीदार तयार झाला. तो खोटं बोलत नाही आहे. सकाळपासून तीनदा ऐकल्यामुळे ते त्याला स्वतःला माहीत असल्यासारखं वाटतं. पुढच्या भागात पोलीस याचाच जबाब घेतील, आणि छापलेली बातमी जबाबाच्या रूपानं केस डायरीत शिरेल. हे वळण घ्याच. बातमीमुळे पुरावा बिघडतो, हे नुसतं संवादात सांगितलं तर कुणी मनावर घेत नाही. पानठेल्यावरचा माणूस न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर बोलताना दाखवला की मग अंगावर येतं.

कायद्याचं थोडं. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य मी स्वतः कितीदा तपासून पुढे पाठवलं असेल, मोजदाद नाही. पण पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आहे. कबुलीतून एखादी वस्तू सापडली, चाकू म्हणा, दागिने म्हणा, तर तेवढा भाग चालतो. कथेचा काळ २०२४ च्या मधोमध असेल तर तपास किंवा खटला १ जुलैच्या आधीच सुरू होता की नंतर सुरू झाला ते आधी ठरवा, नाहीतर वकिलाच्या तोंडी चुकीचं कलम जाईल. ‘ताब्यात घेतले’ आणि ‘अटक’ हेही वेगळे ठेवा. अटक झाली की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. तुमच्या नायिकेला हे माहीत असेल, तर ‘काल अटक’ अशी बातमी वाचून ती न्यायालयाच्या नोंदीत तो माणूस शोधेल आणि तिथे तो नसेल. चांगला धागा आहे.

मुंबई उच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०२१ च्या निकालात माध्यमांनी चालवलेल्या खटल्यांबद्दल बरंच सविस्तर सांगितलं आहे. तपास चालू असताना पोलिसांपुढची कथित कबुली हा जणू ग्राह्य पुरावाच, असं लोकांना भासवू नये, हे त्यात आहे. गुन्ह्याच्या प्रसंगाची नक्कल करून दाखवू नये, हेही आहे. तुमच्या मालिकेत वाहिनीच्या स्टुडिओत चौकीदाराच्या वेशातला नट खिडकीतून चढताना दाखवणार असाल, तर दाखवा. फक्त त्याच खोलीत कुणीतरी एकानं ‘हे करायला नको’ असं हळू आवाजात म्हटलेलं असू द्या. अशी माणसं असतात. त्यांचा आवाज रेकॉर्डवर येत नाही एवढंच.

पहिला संशय कुणावर

मुलं विचारतात, चुकीची बातमी कुणाविषयी लिहू. माझं उत्तर ठाम आहे: ज्याच्या घरून फोन येणार नाही त्याच्याविषयी. डेस्कवर मी हे रोज पाहिलं. डॉक्टरांचं नाव असलं की ‘एका डॉक्टराविरुद्ध’ असं लिहायचं, वकिलाशी बोलून घ्यायचं. चौकीदार, मोलकरीण, ड्रायव्हर असला की नाव, वय, वस्ती, सगळं जायचं. त्यामागे कुणाचा कट नव्हता. हात तसा वळलेला होता.

नोएडातल्या २००८ च्या प्रकरणाची आठवण मी वर्गात करून देते. १६ मे रोजी एका मुलीचा खून झाल्याचं उघड झालं आणि घरकामाला असलेला माणूस बेपत्ता म्हणून संशय त्याच्यावर गेला. १७ मे रोजी त्याच घराच्या गच्चीवर त्याचाही मृतदेह सापडला. जगभर ज्याला शोधत होते तो त्या सगळ्या वेळात वरच पडलेला होता. रहस्यकथेत कुणी हे लिहिलं असतं तर आम्ही ‘जुळवून आणलंय’ म्हटलं असतं. पुढे वर्षानुवर्षं त्या प्रकरणात पडद्यावर काय काय रंगवलं गेलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल. मुलीच्या आईवडिलांना जन्मठेप झाली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं.

यावरून लिहिणाऱ्यानं एक काम करावं. चुकीची बातमी ज्याच्याविषयी आहे त्या माणसाला बातमीबाहेरची तीन दृश्यं द्या. पहिल्यात तो बातमी येण्याआधीचा, रोजच्या कामात. दुसऱ्यात बातमीनंतर किराणा दुकानात, उधारीची वही बंद झालेली. तिसरं मी शेवटी सांगते.

बातमीदाराला माणूस करा

जरीपटक्याचा एक मुलगा माझ्याकडे येतो, हात चांगला आहे त्याचा. त्याच्या मसुद्यात बातमीदार विकला गेलेला होता.

‘कुणी विकत घेतला?’ मी विचारलं.

‘बिल्डरनं, मॅडम. पाच लाख देऊन.’

‘त्याला पाच लाखांची गरजच नाही. तो रोज संध्याकाळी ठाण्यात जातो की नाही?’

‘जाते ना जी.’

‘साहेब त्याला चहा पाजतात, बातमी सांगतात. त्यानं एक दिवस विचारलं, की साहेब, याच्याविरुद्ध पुरावा काय? तर काय होईल?’

तो थोडा वेळ गप्प बसला. ‘दुसऱ्या दिवशी चहा भेटणार नाही.’

‘चहाचं जाऊ दे. बातमी बाकीच्या चार पेपरांत जाईल आणि याच्या पेपरात नसेल. मग सकाळी याला संपादक काय विचारतील?’

‘तुमच्याकडे काऊन नाही?’

हे ‘तुमच्याकडे काऊन नाही’ त्यानं पुढच्या मसुद्यात घातलं आणि पाच लाख काढून टाकले. प्रसंग एकदम खरा झाला. लाच दाखवली की प्रेक्षक सुटतो. वाईट माणूस सापडला, झालं. रोजची ये-जा दाखवली की प्रेक्षकाला सुटता येत नाही.

याचा अर्थ लाभ कुणाचाच नसतो असा नाही. ‘पाताल लोक’ या २०२० च्या मालिकेत ज्या अँकरच्या खुनाचा कट असतो, त्याची उतरती कारकीर्द त्या कटाच्या बातमीमुळेच पुन्हा वर येते, आणि तपास सीबीआयकडे गेल्यावर सीमेपलीकडच्या कटाची जी कहाणी पुढे केली जाते ती त्याला सोयीची ठरते. तो कहाणी रचत नाही. तिच्यावर स्वार होतो. तुमच्या पात्रांपैकी चुकीच्या बातमीमुळे कुणाकुणाची सोय झाली, याची यादी करा. अपराध्याबरोबरच त्यात तीन-चार निरपराध माणसं निघाली पाहिजेत.

सीसीटीव्हीबद्दल दोनच गोष्टी. चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, म्हणजे डीव्हीआरचं घड्याळ पुष्कळदा मागेपुढे असतं, म्हणून चित्रण जप्त करताना खऱ्या वेळेशी असलेला फरक नोंदवायचा असतो. वाहिनीवर दाखवलेल्या तुकड्यात ती नोंद नसते, पडद्याच्या कोपऱ्यातली चुकीची वेळ तेवढी दिसते. आणि तुकडा नेहमी कुठून सुरू होतो ते विचारा. माणूस दुकानातून पळत बाहेर येताना दिसतो. त्याआधीच्या वीस सेकंदांत तो ‘पकडा’ म्हणून ओरडत कुणाच्या तरी मागे धावलेला असतो.

प्रेक्षकाला फसवायचं, पण समोर ठेवून

चुकीची बातमी पडद्यावर पहिल्यांदा येईल तेव्हा ती पूर्ण दिसू द्या. वाचता येईल इतका वेळ. ‘असे समजते’ हे शब्द कॅमेऱ्यासमोर असले पाहिजेत. प्रेक्षक ते वाचणार नाही, मथळा वाचून पुढे जाईल, आणि सातव्या भागात मागे जाऊन बघेल तेव्हा शब्द तिथेच असतील. शब्द लपवलेत तर फसवणूक तुमची. समोर ठेवलेत तर ती सवय वाचणाऱ्याची.

तपास करणाऱ्यालाही फसू द्या. तुमची नायिका पेपरवर विश्वास न ठेवणारी, सगळं आधीच ओळखणारी असेल, तर हा विषय घेऊ नका. तिनं सकाळी सदर भागातल्या तिच्या क्वार्टरमध्ये चहा पिताना तो मथळा वाचलेला असावा आणि चौकीदाराला पहिला प्रश्न विचारताना तिचा आवाज त्यामुळे वेगळा लागलेला असावा. मागाहून स्वतःच्याच जबाब-नोंदीचं रेकॉर्डिंग ऐकताना तिला तो आवाज ऐकू येतो. असं दृश्य मला कुणाकडून तरी लिहून हवं आहे, अजून कुणी दिलेलं नाही.

आता ते तिसरं दृश्य.

खुलासा छापला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चौकीदाराची मुलगी आमच्या कार्यालयात आली. आठवी-नववीतली असावी, शाळेच्या गणवेशात. मी त्या दिवशी सुट्टीच्या बदल्यात लवकर आले होते, म्हणून भेटले. तिनं भूमितीची वही काढली. एका पानावर माझा मथळा कापून चिकटवला होता, त्याखाली चार ओळींचा खुलासा. कंपासमधली प्लास्टिकची पट्टी तिनं आधी वरच्या अक्षरांना लावली, मग खालच्या. वरची अक्षरं जवळजवळ एक सेंटिमीटर, खालची तीन मिलिमीटर.

‘बाबा चोर व्हते तवा अक्षरं येवढाली,’ ती म्हणाली, ‘आता चोर नाही हायेत, तं येवढी बारीक काऊन?’

मी तिला पाणी दिलं. पॉइंट म्हणजे काय, कॉलम म्हणजे काय, पहिलं पान कोण ठरवतं, हे तिला सांगायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांनंतर थांबले. तिनं पट्टी कंपासमध्ये ठेवली, वही मिटली, ‘येतो’ म्हणाली आणि जिना उतरून गेली.

‘शेरलॉक’मध्येही नायकाचं नाव धुऊन निघालं ते पुढच्या हंगामात, दोन वर्षांनी, काही वाक्यांत. तुमच्या शेवटच्या भागात तसं करू नका. खुन्याला पकडल्यावर पाठीमागे संगीत चढतं, श्रेयनामावली सुरू होते, त्याच्या आधी खुलाशाला जागा ठेवा. पहिल्या भागात मथळा पडद्यावर किती सेकंद होता ते मोजा. सहा असेल तर खुलासाही सहा सेकंद ठेवा. त्याच अंतरावरून, त्याच लेन्सनं, संगीताशिवाय. अक्षरं बारीक आहेत, वाचायला त्रास होईल, कॅमेरा पुढे नेऊ नका. संकलक म्हणेल की चार ओळींसाठी सहा सेकंद फार होतात. त्याला पहिल्या भागातला मथळा लावून दाखवा, आणि सहा सेकंद ठेवून घ्या.